सहल आपली, तलाव कोणाचा?

नाताळ आटोपला, नववर्षाची मिस्सा झाली, की आपल्या धर्मग्रामांत सहलीचे वारे वाहू लागते. मिस्सेच्या अखेरीस सूचना वाचली जाते : अमुक रविवारी अमुक तलावावर जाणे, माणशी इतकी वर्गणी, लहान मुलांना निम्मी. युवा संघटनेची मुले गाड्या ठरवतात, महिला मंडळ जेवणाचा बेत आखते, आणि फादर 'सर्वांनी वेळेवर यावे' असे दरवर्षी बजावून दरवर्षी स्वतःच अर्धा तास ताटकळत उभे राहतात. परतल्यावर कोणीतरी हौसेने वृत्तांत लिहितो. त्यात 'निसर्गाची कुशी' असते, 'निळेशार पाणी' असते, 'मन प्रसन्न झाले' असते आणि शेवटी स्वयंपाक करणाऱ्या भगिनींचे आभार असतात. असे वृत्तांत मीही लिहिले आहेत. तेव्हा पुढे जे लिहिणार आहे त्यातला पहिला आरोपी मी आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

मी मूळचा वसईचा. शिक्षकाच्या नोकरीने चंद्रपूर जिल्ह्यात आलो आणि इथलाच होऊन गेलो. या मुलखात तलावांना तोटा नाही, त्यामुळे आमच्या सहलीही तलावावरच जात. अशाच एका सहलीची गोष्ट सांगतो. तलावाचे नाव सांगत नाही, कारण दोष तलावाचा नव्हता.

जानेवारीतली कोवळी उन्हे होती. मुलांना व्हॉलिबॉल खेळायचा होता. चेंडू आणला होता, जाळी मात्र घरी राहिली होती. तलावाच्या पाळीवर दोन बांबूंवर एक जाळे वाळत घातले होते. एका चलाख मुलाने ते उतरवून दोन झाडांना बांधले आणि खेळ सुरू झाला. सगळ्यांनी त्याच्या युक्तीचे कौतुक केले. गुण मोजायला मीच उभा होतो. काही वेळाने एक म्हातारा ढिवर आला आणि पाळीवर उकिडवा बसून राहिला. मला वाटले, खेळ पाहतो आहे. ऊन कलले, चहा झाला, पुन्हा दोन डाव झाले. मुले दमून पांगली तेव्हा तो उठला, जाळे सोडवले आणि तुटलेल्या गाठी एकेक करून बोटांनी चाचपू लागला. मी ओशाळून म्हटले, "बाबाजी, आधी सांगायचं ना!" तो म्हणाला, "लेकरं खेळत होते जी. कसा सांगाचा? आज जाळा टाकाचा राह्यला. उद्या टाकीन."

मी खिशातून पन्नास रुपयांची नोट काढून दिली. त्याने ती घेतली. त्याच्या एका संध्याकाळची मासळी गेली होती. घेतली ते रास्तच झाले. त्या सहलीचा वृत्तांत मी लिहिला, त्यात पक्षी होते, सूर्यास्त होता, आभारही होते. म्हातारा नव्हता.

आज त्या वृत्तांताची दुरुस्ती करायला बसलो आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : आपण ज्याला निसर्ग समजून पाहायला जातो ते बहुतेक ठिकाणी माणसाने अडवलेले पाणी असते. त्या पाण्यावर कोणाचे तरी पोट असते, आणि पुष्कळदा त्याच्या काठावरून कोणाला तरी उठवलेले असते. तिथे आपण पाहुणे आहोत. पाहुण्याने विचारून आत यावे. आणि जिथे घरच्या माणसालाच उंबऱ्यावर थांबवले आहे तिथे पाहुण्यासाठी पायघड्या घातल्या जात असतील, तर त्या पायघड्यांवरून चालताना त्याला लाज वाटावी.

आधी हे पाणी आले कोठून ते पाहू. चांद्याच्या गोंड राजांनी एक रीत घातली होती असे सांगतात : जो रान तोडून तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन मिळावी. कोहळी समाजाने पूर्व विदर्भात तलाव बांधण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या जपली. उताराची नजर, पाळीची माती, सांडव्याची उंची हे सारे त्यांनी शाळेविना साधले. पुढे हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात गेले, आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपल्यावर ते सरकारकडे आले. म्हणून त्यांना आजही माजी मालगुजारी तलाव, थोडक्यात 'मामा तलाव' म्हणतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या पाच जिल्ह्यांत मिळून असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. मालक बदलले, गाळ मात्र साचत राहिला. पाळीवर बेशरमाची झुडपे माजली, पाट बुजले. तरीही धानाची बांधी याच पाण्यावर भिजते, ढिवरांची जाळी याच पाण्यात पडतात, शिंगाडा याच पाण्यात लावला जातो.

घोडाझरीचेच पाहा. नागभीडजवळचा, तीन बाजूंनी डोंगर आणि झाडी असलेला हा तलाव आपल्या सहलींचा विशेष लाडका. पावसाळ्यात तो भरून सांडव्यावरून वाहू लागला की त्या धारेखाली भिजायला दुरून माणसे येतात. पण हा तलाव कोणी विहारासाठी बांधलेला नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा लागोपाठच्या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळून निघाला होता. माणसे पाने आणि मुळ्या खाऊन जगली, कित्येक जगली नाहीत. १९०१ मध्ये नेमलेल्या सिंचन आयोगानंतर सरकारने चांदा जिल्ह्यात मोठे तलाव हाती घेतले. घोडाझरी, नलेश्वर, आसोलामेंढा हे त्यांतले. म्हणजे ज्या पाण्याच्या काठी आपण बिर्याणीची पातेली उघडतो, ते पाणी भुकेने अडवलेले आहे. हे मुलांना कोणी सांगत नाही. तिथे पोचल्यावर दोन मिनिटे सांगितले तर जेवण काही कडू लागणार नाही. उलट उष्टे तलावात फेकताना एखादा हात थबकेल.

आता ताडोबाकडे वळू. ताडोबा हे नाव ज्या तारूवरून आले तो, गोंडांच्या कथेप्रमाणे, गावाचा प्रमुख होता. वाघाशी झुंजताना तो पडला, देव झाला, आणि तलावाच्या काठी झाडाखाली त्याचे ठाणे झाले. पौषात तिथे आदिवासींची जत्रा भरत असे. नावाचा धनी तो, तलाव त्याचा, आणि वाघही एका परीने त्याच्याच कथेतला. १९५५ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झाले, १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य जाहीर झाले, १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. आज तारूचे ठाणे उद्यानाच्या गाभ्यात आहे. तिथे जायचे तर वन खात्याच्या दाराशी थांबावे लागते. बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावे या शतकाच्या पहिल्या दीड दशकात गाभ्यातून उठवून बाहेर नेण्यात आली.

मी वाघाचा वैरी नाही. वाघ राहिला पाहिजे आणि त्यासाठी काही रान माणसाविना राहिले पाहिजे, हे मला पटते. माझा आक्षेप वेगळाच आहे. माणसाविना राखायचे म्हणून जे रान रिकामे केले, तिथे सकाळ-संध्याकाळ उघड्या जिप्सींची रांग लागते. एका गाडीच्या फेरीला काही हजार रुपये मोजणारा माणूस ताडोबाच्या तलावाकाठी थांबून मगर पाहतो, छायाचित्रे काढतो. बोटेझरीचा म्हातारा मात्र आपल्या वाडवडिलांच्या पाणवठ्यावर परवानगीशिवाय पाय ठेवू शकत नाही. माणसाच्या पावलाने वाघाला त्रास होतो हे खरे असेल, तर तो नियम दोघांच्याही पावलांना लागू असावा. पैसे देऊन ठेवलेल्या पावलाचा आवाज वाघाला कमी येतो काय?

ताडोबाच्या वाटेवर, मोहर्लीच्या अलीकडे, इरई धरणाचे विस्तीर्ण पाणी दिसते. किती सुंदर दिसते! हिवाळ्यात त्यावर पाखरांचे थवे उतरतात. हे पाणी १९८० च्या दशकात सुरू झालेल्या चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रासाठी अडवले. त्यातूनच शहराचीही तहान भागते. त्या विजेने दूरदूरची शहरे उजळली. चंद्रपूरच्या वाट्याला राख आणि धूर आला. पावसाळ्यात धरणाची दारे उघडली की शहरातल्या सखल वस्त्यांत पाणी शिरते आणि गरिबांची भांडीकुंडी वाहून जातात. कोळसा, वीज, बांबू ही तीन उचल या मुलखातून आधीच झालेली आहे. आपल्यातली कितीतरी कुटुंबे याच उचलीच्या निमित्ताने इथे आली : कोणी खाणीत, कोणी वीज केंद्रात, कोणी बल्लारपूरच्या कागद गिरणीत. बल्लारपूरला पीठ असलेला आपला चांदा धर्मप्रांत १९७७ चा; इथल्या रानाच्या मानाने आपण कालची माणसे. आता चौथी उचल सुरू झाली आहे. ती विश्रांतीची. या मुलखाने सगळे दिल्यानंतर आता आपला रविवारही साजरा करून द्यावा, अशी आपली अपेक्षा आहे.

कोणी म्हणेल, झालेल्या धरणाचे काय घेऊन बसलात? मग न झालेल्या धरणांचे बोलू. गोदावरीवर इंचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम अशी दोन प्रचंड धरणे योजली होती. ती झाली असती तर गडचिरोली आणि बस्तरमधली माडिया-गोंडांची गावे आणि सागाची घनदाट राने पाण्याखाली गेली असती. १९८० च्या दशकात 'जंगल बचाव, मानव बचाव' अशी हाक उठली. बाबा आमटे त्या आंदोलनात उतरले, लालश्याम शाह यांच्यासारखे आदिवासी नेते उतरले, आणि रस्ता कधी न पाहिलेली माणसे दऱ्याखोऱ्यांतून चालत आली. ती धरणे तेव्हा झाली नाहीत. वाचकहो, क्षणभर कल्पना करा की ती झाली असती. आज तिथे काय असते? तिथे एक सुंदर जलाशय असता. त्याच्या काठी विश्रामगृह असते, रंगीत नावा असत्या, आणि आपल्याच एखाद्या धर्मग्रामाची बस तिथे उभी असती. आपल्यातल्या कोणीतरी वृत्तांतात 'निळेशार पाणी' लिहिले असते. नावेच्या तळाखाली कोणाचे गोटुल बुडाले आहे, हे त्या वृत्तांतात आले असते काय? माझ्या वृत्तांतात म्हातारा आला नाही, त्यावरून उत्तर मला ठाऊक आहे.

इंचमपल्ली टळली, तरी गोदावरी सुटली नाही. तेलंगणाने कालेश्वरम योजनेत सिरोंच्यासमोर मेडिगड्डाचा बंधारा बांधला. २०१९ मध्ये त्याचे थाटात उद्‌घाटन झाले, आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये त्याचे खांब खचले. मधल्या वर्षांत फुगलेल्या पाण्याने सिरोंचा तालुक्यातल्या शेतांचे नुकसान केले, त्याची दाद मागत शेतकरी कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिले. वैनगंगेवरच्या गोसीखुर्दची पायाभरणी १९८८ ची. कालवे रखडले, पुनर्वसन रखडले, धरणग्रस्तांचे मोर्चे मात्र नेमाने निघत राहिले. २०२४ मध्ये त्याच जलाशयावर जलपर्यटन प्रकल्पाचे भूमिपूजन झाले! ज्यांची घरे त्या पाण्याखाली गेली, त्यांचे हिशेब चुकते होण्याआधी त्या पाण्यावर विहाराच्या नावा सोडायच्या, याला घाई म्हणावे की निलाजरेपणा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता मरणाविषयी थोडे बोलले पाहिजे. २०२५ च्या मार्चमध्ये, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, घोडाझरीच्या तलावात पाच तरुण बुडाले. चिमूर तालुक्यातल्या एकाच गावची ती मुले होती. कोणाच्याही घरची असू शकली असती. त्याआधी २०१७ च्या जुलैमध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात नाव उलटली आणि सहलीला आलेले तरुण बुडाले. दर वेळी हळहळ होते, पाटी लागते, पाटी पुसट होते. आपली पोरे पोहायला शिकलेली असतात, पण या पाण्याला ओळखत नसतात. पाळीचा भराव घालायला जवळच माती खणलेली असते, त्यामुळे गुडघाभर पाण्यातून पुढचे पाऊल थेट खोल खड्ड्यात पडते. तळाला पिढ्यान्‌पिढ्यांचा गाळ असतो. त्यात पाय रुतला की पट्टीच्या पोहणाऱ्याचेही काही चालत नाही. पाणी सोडण्याच्या दारापाशी ओढ असते, ती वरून दिसत नाही. हे सारे त्या तलावावरच्या ढिवराला तळहातासारखे ठाऊक असते. पण त्याला विचारावे असे आपल्या मनात येत नाही, कारण आपल्या लेखी तो तिथे नसतोच. त्याचे अस्तित्व न जाणण्याची किंमत काही वेळा आपल्याच मुलांना मोजावी लागते.

आणखी एक नाव उलटली होती. तिच्यात सहलीला कोणी निघाले नव्हते. २०२४ च्या जानेवारीत गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यात, वैनगंगा ओलांडून पलीकडे मिरची तोडायला जाणाऱ्या मजूर बायांची नाव बुडाली आणि सहा जणी गेल्या. जानेवारीच तो, आपल्या सहलींचा महिना. त्याच पाण्यावर एकाने हौसेने जायचे आणि दुसऱ्याने पोटासाठी जायचे, हे जगात चालत आलेले आहे, ते मी बदलू शकत नाही. पण जलपर्यटनाच्या आराखड्यात जीवरक्षक जाकिटे असतात, धक्का असतो, प्रशिक्षित नावाडी असतो. मिरचीच्या मजुरिणीसाठी यांतले काय असते? विहाराच्या नावेला जे सरकार जाकीट पुरवू शकते, त्याला मजुरीच्या नावेला ते पुरवणे अशक्य आहे, असे मला कोणी पटवून द्यावे.

यावर दोन उत्तरे ठरलेली आहेत. पहिले असे की पर्यटनाने रोजगार मिळतो. मिळतो, हे मी नाकारत नाही. मोहर्लीची मुले वाटाडे झाली, गाड्या चालवू लागली, त्यांच्या घरावर कवले जाऊन पक्के छप्पर आले, हे मी पाहिले आहे. पण ज्या गावची जमीन, त्या गावच्या तरुणाने खोल्या झाडाव्यात आणि खोल्यांचा मालक दूरच्या शहरात बसावा, या व्यवस्थेला रोजगार म्हणावे, न्याय म्हणू नये. तलावावर मोटारीची नाव सुरू झाली की जाळी तुटतात, पाखरे उठतात, मासळी काठापासून दूर जाते. अशा वेळी त्या नावेच्या उत्पन्नात ढिवरांच्या सहकारी संस्थेचा वाटा किती, एवढा एकच प्रश्न विचारून पाहावा. रोजगाराच्या गप्पा तिथे थांबतात.

दुसरे उत्तर असे की हे सरकारचे पाणी आहे, त्याचे काय करायचे ते सरकार ठरवील. इथे मात्र सरकारचाच कायदा आपल्याला वाचता आला पाहिजे. १९९६ चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रातल्या लहान जलसाठ्यांचे नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतींकडे सोपवावे असे म्हणतो. २००६ चा वनहक्क कायदा त्याच्याही पुढे जातो : वनात राहणाऱ्या समाजांचा मासे आणि जलाशयातल्या इतर उत्पन्नांवरचा सामूहिक हक्क तो मान्य करतो. हे कागदावरचे शब्द आहेत असे म्हणून उडवून लावू नये. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा या लेखाशेजारच्या लहानशा गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर वनावरचा सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये आपला बांबू आपण विकण्याचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला. ज्या बांबूवर गिरण्या चालल्या त्यावर गावाचा हक्क आहे, हे सरकारला मान्य करावे लागले. बांबूला जो न्याय, तोच पाण्याला का नसावा? ज्या तलावावर गावाचा हक्क, तिथे नाव चालवायची की नाही, किती चालवायच्या, तिकीट किती, हे गावाने ठरवावे. त्यात दयेचा भाग काही नाही.

आता वसईच्या वाचकांना दोन शब्द. तुम्हाला हे सारे समजायला कठीण जाऊ नये, कारण तुम्ही हे भोगले आहे. अर्नाळा, राजोडी, कळंबच्या किनाऱ्यांवर शनिवार-रविवारी मुंबईहून लोंढे येतात. त्यांनाही समुद्र 'निसर्ग' वाटतो. वाडीत शिरून नारळ तोडणारे, केळीच्या बागेत बाटल्या फोडणारे, वाळत घातलेल्या बोंबलांच्या काठ्यांना टेकून छायाचित्रे काढणारे तुम्ही पाहिले आहेत. त्यांना कोणी हटकले तर 'समुद्र काय तुमच्या बापाचा आहे?' असे उलटून विचारणारेही पाहिले आहेत. टँकरांनी विहिरी उपसल्या आणि गोड पाणी मचूळ झाले, तेव्हा तुमच्या पाण्यावर शहराने हक्क सांगितला म्हणून तुम्ही रस्त्यावर उतरला होता. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती यांच्या मागे माणसे उभी राहिली ती याच चिडीने. आमच्या पाण्याचा निर्णय आम्हाला विचारल्याशिवाय होऊ नये, ही ती मागणी होती. घोडाझरीचा ढिवर आणि बोटेझरीचा गोंड याहून वेगळे काय मागतो? वसईत आपण यजमान असतो तेव्हा आपल्याला हक्क समजतो. ताडोबात पाहुणे झालो की तोच हक्क विसरतो. हा विसर सोयीचा आहे, एवढेच त्याच्या बाजूने म्हणता येईल.

'मग आम्ही सहलीला जाऊच नये काय?' असा प्रश्न या ठिकाणी हटकून येतो. जावे, जरूर जावे. आठवडाभर राबलेल्या माणसाला विसावा हवा, मुलांना झाडे आणि पाणी दिसायला हवे. पण विसाव्याची आज्ञा ज्या धर्मग्रंथातून आपल्याकडे आली, तिथे तो विसावा घरच्या गड्याला, गुरांना आणि वेशीत राहणाऱ्या परक्यालाही सांगितलेला आहे. आपला विसावा दुसऱ्याचा खोळंबा होत असेल तर त्या आज्ञेचा अर्धाच भाग आपण पाळतो.

म्हणून सहलीच्या आखणीतच काही गोष्टी याव्यात. तलाव ठरवण्याआधी दोघांनी पुढे जाऊन तिथल्या मच्छीमार संस्थेला किंवा ग्रामसभेला विचारावे : आम्ही अमुक दिवशी येऊ काय, कोठे बसू, कोठे जाऊ नये? बस भरून शहरातून कोंबड्या नेण्याऐवजी तिथली मासळी घ्यावी, तिथल्या बायांना रांधायला सांगावे, आणि घासाघीस न करता दाम मोजावे. मुलांवर नजर ठेवायला त्याच तलावावरचा एक जाणता ढिवर दिवसभर सोबत ठेवावा आणि त्याची मजुरी वर्गणीत धरावी. पाण्यात दारू घेऊन उतरण्याला मुळीच मुभा नसावी, मग तो कोणाचाही मुलगा असो. आणलेले सर्व परत न्यावे, पाळीवर राखही ठेवू नये. आणि चंद्रपूरकरांनी एवढे दूर जाण्याआधी शहरातल्याच रामाळा तलावाकडे एकदा पाहावे. गोंडकालीन तलाव तो. सांडपाण्याने आणि जलपर्णीने गुदमरला. त्याच्यासाठी २०२१ मध्ये बंडू धोतरे उपोषणाला बसले, तेव्हा आपल्यापैकी कितीजण तिथे घटकाभर जाऊन बसलो? स्वच्छ पाण्याकडे सहल काढणे सोपे, घरचे घाण पाणी स्वच्छ करायला निघणे अवघड. एक वर्ष तीही सहल काढून पाहावी.

सरकारकडे मागायचे तेही मागावे. विस्थापितांचा हिशेब चुकता होईपर्यंत जलाशयावर विहाराच्या नावा सुटू नयेत. तारूच्या ठाण्याशी त्याच्या माणसांना पौषात सन्मानाने जाता यावे. तलावावरच्या नावांच्या उत्पन्नात मच्छीमारांचा वाटा लेखी ठरावा. वैनगंगेच्या प्रत्येक घाटावर मजुरांच्या नावेला जाकिटे मिळावीत. ही निवेदने आपल्या महिला मंडळांनी आणि युवा संघटनांनी लिहिली तर त्यांचे वजन पडेल. आपण संख्येने थोडे आहोत, पण आपल्या शाळा आणि दवाखाने या जिल्ह्यांत आहेत, आणि लोक आपला शब्द ऐकतात.

तो म्हातारा आता हयात असेल असे वाटत नाही. त्याचे नाव मी त्या दिवशी विचारले नाही. आज ते लिहावे म्हटले तरी माझ्याकडे नाही. पुढच्या जानेवारीत आपली बस एखाद्या तलावाच्या पाळीवर थांबेल, तेव्हा पाळीवर बसलेल्या माणसाचे नाव आधी विचारा, आणि परतल्यावर वृत्तांतात ते लिहा. आणि चेंडूबरोबर जाळीही घरून आणा.